आईच्या डब्यातल्या तीन गोळ्या, औषध मात्र एकच

ओसरी

परवा मावशीकडे गेले होते. तिच्या उशाशी स्टीलचा छोटा डबा दिसला, आत गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या. अगदी आईच्या डब्यासारखा. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात आणि आसपास चिकनगुनियाने किती घरं आडवी पाडली हे या फोरमवरच्या पुणेकरांना सांगायला नको. आईला तो साताऱ्याजवळच्या आमच्या गावी झाला, ऑगस्टमध्ये. वय ६८, वजन ४२ किलो. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते सुटेनातच. सकाळी तिला कपाचा कान धरता येत नव्हता, बशीत चहा ओतून दोन्ही तळव्यांत बशी धरून प्यायची. भाकऱ्या थापणं बंद झालं. ते तिला दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

गावातल्या डॉक्टरांनी सांध्यांची गोळी दिली होती, सकाळ-संध्याकाळ एक. संपली की शेजारचा मुलगा तालुक्याहून आणून द्यायचा. तापात दिलेल्या ६५० च्या गोळ्या उरल्या होत्या. 'तिनं अंग मोकळं होतं' म्हणून ती गोळी दिवसातून तीनदा सुरू राहिली, आणि संपल्यावर तीही मागवली गेली. शिवाय सर्दीची गोळी. सर्दी नव्हती, पण तिनं गुंगी येते आणि डोळा लागतो. आधी फक्त रात्री, मग दुपारीही. असं अडीच महिने चाललं.

त्यात नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसतात, आई नऊ दिवस धरते. दूध, एखादं केळं, राजगिऱ्याचा लाडू. गोळ्या सोडल्या नव्हत्या, कारण ओव्या म्हणायला बसायचं तर गुडघे वाकायला हवेत.

दसऱ्याला फोन केला तर म्हणाली, "सोनं द्यायला कुठं जायचं त्राण नाही गं. फोडणीचा वास आला तरी ढवळतंय." दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा डोळ्यांत पिवळी झाक होती आणि लघवी कोऱ्या चहासारखी. तशीच गाडीत घालून पुण्याला आणली.

लिव्हरची इजा दाखवणारं एसजीपीटी २३४०. साधारण ४० पर्यंत असायला हवं. बिलिरुबिन ३.१. रक्त गोठण्याचा आयएनआर १.९, जो १ च्या आसपास असतो. काविळीच्या ए, बी, सी, ई सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. ड्युटीवरचा डॉक्टर जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. त्यानं विचारलं, "आजी कुठल्या गोळ्या घेतात? नावं सांगू नका, गोळ्याच आणा." भाऊ रातोरात गावी जाऊन डबा घेऊन आला.

त्या डॉक्टरनं डबा पलंगावर पालथा केला आणि एकेक पट्टी दिव्याखाली धरून वाचली. बहुतेक पट्ट्या कात्रीनं कापलेल्या. एकीवर नावाचा फक्त शेवटचा तुकडा उरला होता, '...मॉल आयपी ५०० मिग्रॅ'. मग त्यानं केसपेपरच्या मागे मांडलं : सांध्यांच्या गोळीत पॅरासिटामॉल ३२५, दोनदा. तापाची ६५०, तीनदा. सर्दीच्या गोळीत ५००, दोनदा. बेरीज ३६०० मिलिग्रॅम. ४२ किलोच्या, उपाशी बाईला, रोज.

तीन वेगळे रंग, तीन वेगळी दुखणी, आणि औषध एकच. तो डबा मी स्वतः कितीदा उघडला होता, थर्मामीटर शोधायला. पट्टी उलटी करून वाचायचं कधी सुचलं नाही.

आई सात दिवस दवाखान्यात होती. पॅरासिटामॉलवरचा उतारा म्हणून अ‍ॅसिटिलसिस्टीनचं सलाईन लावलं. पहिले दोन दिवस आयएनआर वाढतोय की उतरतोय याकडे डोळे लावून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी उतरला. सहा आठवड्यांनी एसजीपीटी ३४. आई वाचली.

इथे डॉक्टर आहेत, औषधवाले आहेत, आई-वडील गावी असलेले तर निम्मेअधिक आहेत. तुमच्या घरातल्या डब्यात काय आहे ते एकदा बघा आणि इथे लिहा.

खलबत्ता

ओसरीताई, आई सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. माझं कोल्हापूरकडे २२ वर्षं मेडिकल दुकान आहे. तुम्ही कापलेल्या पट्ट्यांचं लिहिलंत, ते मनाला लागलं, कारण कात्री माझ्याच हातात असते.

गिऱ्हाईक पूर्ण पट्टी घेत नाही. 'चार द्या' म्हणतं. आम्ही चार कापून देतो आणि औषधाचं नाव, तारीख, मिलिग्रॅम दुकानात राहिलेल्या तुकड्यावर राहतं. शिवाय मागणी कशी येते बघा : 'अंगदुखीची द्या', 'ती पिवळी द्या', 'मागच्या वेळची द्या'. औषधाचं नाव कोणी घेतच नाही. एकाच माणसाला मी सकाळी तापाची आणि संध्याकाळी त्याच्या मुलाच्या हाती सर्दीची गोळी दिली असेल, आणि दोन्हींत पॅरासिटामॉल असेल.

गेली काही वर्षं मी सुटी गोळी कागदी पाकिटात घालतो आणि पेनानं आतलं औषध आणि मिलिग्रॅम मराठीत लिहितो. पाकिटामागे दहा सेकंद जातात. पन्नाशीच्या पुढचं कोणी असेल तर विचारतो, 'घरात दुसरी कुठली दुखण्याची गोळी चालू आहे?' निम्मे लोक 'नाही' म्हणतात आणि थोडं खोदल्यावर दोन निघतात.

आणखी एक. सांध्यांच्या जोडगोळीत पॅरासिटामॉलच्या सोबतीला बहुधा असिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक असतं. ती शेड्यूल एचमधली औषधं, चिठ्ठीवरच द्यायची. एकदा दिलेली चिठ्ठी गावात दोन-दोन वर्षं चालते, हे आमच्या धंद्याचं चुकतंय आणि मी ते मान्य करतो.

दुपारची_ओपीडी

जनरल फिजिशियन आहे. ओसरी यांनी फार नेमकं लिहिलंय. घाबरून कुणी उद्यापासून भलतंच काही करू नये म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेतलं तर आपल्याकडच्या सर्वांत सुरक्षित वेदनाशामकांपैकी एक आहे. पोटातलं बहुतेक औषध लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. ५ ते १० टक्के भागापासून मात्र एक विषारी पदार्थ तयार होतो. तो तयार होताक्षणी ग्लुटाथायोन नावाचं लिव्हरमधलं द्रव्य त्याला धरतं आणि निकामी करतं. हा साठा मोठा असतो, पण अमर्याद नाही. साठा संपला की तो पदार्थ थेट लिव्हरच्या पेशींना चिकटतो आणि त्या मरतात.

साठा भरून काढायला अन्नातली प्रथिनं लागतात. म्हणून नऊ दिवसांच्या उपासाचा उल्लेख मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ऑगस्टपासून जी मात्रा शरीर कसंबसं निभावत होतं, तीच मात्रा उपासात जड झाली. रोज दारू पिणाऱ्यांचं दुहेरी होतं : साठा कमी, आणि विषारी पदार्थ बनवणारं यंत्र वेगात. टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिडमुळेही लिव्हरवर वेगळा ताण असतोच.

मात्रेबद्दल : धडधाकट प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तास. ही कमाल आहे, रोजचा रतीब नव्हे. वजन ५० किलोच्या आत असेल तर एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात, दिवसाला साधारण ६०. ओसरी यांच्या आईंचं गणित करा, ३६०० भागिले ४२, म्हणजे किलोमागे जवळजवळ ८६. किलोमागे ७५ च्या पुढे गेलं की आम्ही धोका धरून रक्त तपासतो. म्हणजे छापील ४ ग्रॅमच्या आत राहूनही त्या धोक्याच्या पलीकडे होत्या. आपल्याकडच्या कितीतरी आज्यांचं वजन चाळीसच्या आसपास असतं.

एकदम खूप गोळ्या पोटात गेल्या तर पहिले २४ तास माणूस जवळजवळ ठीक दिसतो, आणि लिव्हरचा खरा त्रास तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळसाला जातो. म्हणून 'काही होत नाहीये' म्हणून घरी थांबू नका. अ‍ॅसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत मिळालं तर लिव्हर बहुतेक वेळा पूर्ण वाचतं. हा उतारा १९७० च्या दशकात एडिंबरोच्या डॉक्टरांनी रुळवला. तो ग्लुटाथायोनचा साठाच भरून काढतो. उशिरा दिला तरी उपयोग होतो, जसा आईंना झाला.

फुलपात्र

वाचून घाबरले हो. माझे सासरे दहा वर्षं रोज एक क्रोसिन घेतात, डोकं दुखतं म्हणून. ५०० ची. बंद करू का?

दुपारची_ओपीडी

रोजच्या एका ५०० च्या गोळीनं, दारू नसेल आणि लिव्हर मुळात धड असेल तर, लिव्हर बिघडण्याची भीती नाही. पण दहा वर्षं रोज डोकं दुखतंय याचीच तपासणी व्हायला हवी. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेत राहिलं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. गोळी उतरली की दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. त्यांचं बीपी आणि चष्म्याचा नंबर बघा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या.

पानगळ

मी इथे नेहमी वाचतो, लिहितो पहिल्यांदाच. वडिलांना सिरोसिस आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की लिव्हरचा पेशंट आहे तर पॅरासिटामॉल अजिबात नको. म्हणून कंबर दुखली की ते डायक्लोफिनॅकची गोळी घेतात, फार झालं तर इंजेक्शन. हे चुकतंय का? धागा वाचल्यापासून हात थरथरतायत.

दुपारची_ओपीडी

पानगळ, हो, हे उलटं झालंय, आणि हा गैरसमज मी दर आठवड्याला बघतो. सिरोसिसमध्ये डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक ही सगळी मंडळी जास्त घातक. किडनीचा रक्तपुरवठा ती आवळतात, पोटात पाणी साठलं असेल तर किडनी बसू शकते, आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होण्याची भीती असते. अशा पेशंटला दुखण्यासाठी बहुतेक वेळा पॅरासिटामॉलच दिलं जातं, फक्त मर्यादा २ ग्रॅमपर्यंत खाली आणून आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारून. डायक्लोफिनॅक आजच थांबवा, उद्या त्यांच्या डॉक्टरांना भेटा, किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. काळ्या शौचाची तक्रार असेल तर उद्याचीही वाट बघू नका.

पानगळ

काळी शौच नाही. सकाळी नंबर लावतो. खूप आभार.

न्यूजर्सीकर

आमच्याकडे घडलेलं सांगतो. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. सोबत भारतातली औषधांची पिशवी, त्यात डोलो. इथल्या थंडीनं सासूबाईंचे गुडघे धरले, तर बायकोनं टायलेनॉलची मोठी बाटली आणून ठेवली. बाटलीवर लिहिलेलं असतं अ‍ॅसिटामिनोफेन. डोलोच्या पट्टीवर पॅरासिटामॉल. हे दोन्ही एकच औषध, फक्त अमेरिकेतलं नाव वेगळं. सासूबाई इंग्रजी व्यवस्थित वाचतात, म्हणून तर फसल्या. त्यांनी दोन्ही नावं वाचली आणि दोन औषधं समजून आलटून-पालटून घेत राहिल्या. एक दिवस स्वयंपाकघरात दोन्ही शेजारी शेजारी दिसली म्हणून कळलं. रिपोर्ट सुदैवानं चांगले आले.

इथे अचानक लिव्हर निकामी होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच औषध आहे, आणि त्यातला बराच हिस्सा मुद्दाम घेतलेल्यांचा नसून नकळत जास्त झालेल्यांचा असतो. २०११ मध्ये इथल्या औषध नियामक एफडीएनं चिठ्ठीवरच्या जोडगोळ्यांत अ‍ॅसिटामिनोफेन ३२५ मिलिग्रॅमच्या वर नको असं सांगितलं, ते यामुळेच. भारतातून आई-वडील येणार असतील त्यांनी बॅगेतल्या औषधांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवून घ्या. आम्ही आता टायलेनॉलच्या बाटलीवर मार्करनं 'डोलो' असं लिहून ठेवलंय.

लेस्टरकर

इंग्लंडात १९९८ पासून किराणा दुकानात १६ च गोळ्यांचं पाकीट मिळतं, फार्मसीत ३२. सुरुवातीला राग यायचा. इथे ते मुख्यतः आत्महत्या रोखायला आणलं. घरात गोळ्या कमी असल्या की त्या क्षणी हाताला कमी लागतात, आणि नियमानंतर मृत्यू कमी झाले.

बांधावरून

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दिवाळीनंतर माझा निम्मा वर्ग आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातो. तुमच्या चर्चेत एक माणूस राहून गेला म्हणून लिहितोय.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटे फडात, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. त्यामुळे अंग दुखतंय म्हणून झोपून राहणं हा पर्याय त्यांच्याकडे नसतो. गोळी हाच पर्याय. मी गेल्या वर्षी एका कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या खोपटावर, मुलांना भेटायला गेलो. तिथल्या बाईनं पदराच्या गाठीतून पुडी काढून दाखवली. पांढऱ्या दोन, केशरी एक, कागदात बांधलेल्या. नाव नाही, गाव नाही. "सकाळी एक खाल्ली की दुपारपतुर कंबर गप बसती," म्हणाली. दुपारी दुसरी. पाळीच्या दिवसांत तिसरी-चौथी. बहुतेक वेळा पोटात फक्त चहा. पुरुष रात्री वरून दारू घेतात.

डॉक्टरसाहेब, तुम्ही वर जी यादी दिलीत, उपाशी पोट, कमी वजन, दारू, मोजदाद नाही, ती सगळी एका कोपीत सापडते. उन्हात दिवसभर पाणी कमी पितात, त्यामुळे किडनीची भीती वेगळीच. त्या बाईला मी 'पट्टी उलटून वाचा' कसं सांगू? तिच्या हातात पट्टी येतच नाही.

खलबत्ता

गुरुजी, कागदात बांधलेली पुडी घेऊ नका, एवढं तरी सांगा. त्या केशरी गोळीत काय आहे ते मलाही बघून सांगता येणार नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइडही असू शकतं.

दुपारची_ओपीडी

बांधावरून, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एवढं करता येईल : गोळी घ्यायचीच तर कापलेल्या पट्टीतली का होईना, पण पट्टीतली घ्या. आधी भाकरीचे चार घास, मग गोळी. दारू प्यायली त्या रात्री गोळी नाही. लघवी लाल-पिवळी झाली, जेवणाचा वास नकोसा झाला, तर त्या दिवशी गोळी बंद आणि सरकारी दवाखाना. हे तुम्ही मुलांना शिकवलंत तर मुलं आईला सांगतील.

माणदेशी

म्हणून मी म्हणतो, ॲलोपॅथीपेक्षा गुळवेलीचा काढा घ्या. निसर्गाचं आहे, अपाय नाही. सोबत लिव्हर टॉनिक घेतलं तरी चालतं.

दुपारची_ओपीडी

माणदेशी, मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, पण हे इथे असंच सोडून देऊ शकत नाही. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट २०२१ मध्ये शोधनिबंधात मांडले. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती असं त्यांचं म्हणणं. वाद असेल, पण ज्याचं लिव्हर आधीच दुखावलंय त्यानं काढा स्वतःच्या मनानं सुरू करू नये. लिव्हर टॉनिक सोबत घेतलं म्हणून जास्त गोळ्या पचतात, असं तर मुळीच नाही.

एक राहिलं. नायमेसुलाइड. आपल्याकडे अंगदुखीला अजूनही सर्रास घेतात. लिव्हरच्या त्रासामुळे फिनलंड आणि स्पेननं २००२ मध्ये ते थांबवलं, भारतात १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ मध्ये बंदी आली. त्याचा धोका मात्रेच्या हिशोबात बसत नाही, नेमलेल्या मात्रेतही एखाद्याला त्रास होतो. घरात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि कुठल्याही औषधानं त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ हा औषध-दुष्परिणाम कळवायचा सरकारी मोफत नंबर आहे. पेशंट स्वतः कळवू शकतो.

पानगळ

अपडेट देतो. क्रिएटिनिन १.७ आलं, पूर्वी ०.९ होतं. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात, डायक्लोफिनॅक बंद ठेवून आठवड्यानं पुन्हा तपासू. कंबरेला शेक आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल ५००, दिवसाला तीनच्या वर नाही. बाबा म्हणाले, ज्या बाईनं तो धागा लिहिला तिच्या आईला माझा नमस्कार सांग.

ओसरी

नमस्कार आत्ताच फोनवर सांगितला. आई थोडा वेळ गप्प झाली, मग म्हणाली, "त्यांना म्हणावं मीठ कमी खा."

मावशीच्या डब्याबद्दल काहींनी विचारलं होतं. काल व्हिडिओ कॉलवर दोघींनी मिळून तो पालथा केला. पॅरासिटामॉलच्या चार पट्ट्या निघाल्या, त्यातल्या दोन मुदत संपलेल्या. एक पट्टी ठेवली, बाकीच्या औषधवाल्याकडे दिल्या.

आई आता गावीच आहे. सांधे अजून थंडीत कुरकुरतात, पण भाकरी थापते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब ती पूर्वीपासून लिहिते, अर्धा लिटर, एक लिटर. आता त्याच चौकटीत खालच्या कोपऱ्यात गोळीचं लिहिते. गोळी घेतली की एक उभी रेघ. परवा मी महिन्याचं पान बघितलं. सगळ्या महिन्यात नऊ रेघा होत्या, आणि एकादशीच्या चौकटीत एकही नव्हती.